हट्ट्याचं पेव आणि विमानाचं दार

परत आल्यापासून ऑफिसात जो भेटतो तो विचारतो, “हट्ट्याला गेला होता? तिथे कधीपासून विमान जायला लागलं?” आमच्या खात्यातल्या माणसांना जिथे विमान जात नाही ते गावच वाटत नाही. तर आधीच सांगून टाकते. हट्ट्याला विमान जात नाही आणि आगगाडीही जात नाही. आगगाडी वसमतला सोडते, पुढे एसटी आहे, ती आली तर. परभणी जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात काळ्याभोर जमिनीवर वसलेलं हे मोठं गाव. मी श्रावणात तिथे जाऊन आले आणि इतकी खूश होऊन आले की न गेलेल्यांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी एका विमान कंपनीत नव्या मुलींना शिकवते. पूर्वी स्वतः उडत होते. पेपरवाले आम्हाला हवाई सुंदरी म्हणतात, आणि मला या शब्दाचा मनस्वी राग आहे. पस्तिशी आली की सुंदरीपण संपतं आणि कंपनी आणून जमिनीवर बसवते. मला बसवलं ते शिकवणीच्या वर्गात. तिथे विमानाच्या दारासारखं एक लाकडी दार आहे. दिवसभर मी मुलींकडून ते उघडून घेते, लावून घेते आणि ओरडते. सुमन तिथलीच माझी विद्यार्थिनी. हट्ट्याच्या शाळेतल्या गुरुजींची मुलगी, औरंगाबादला कॉलेज केलेली, आवाज असा खणखणीत की वर्गात ती बोलली की शिपाई दारात येऊन बघून जायचा.

तिच्या अपघाताबद्दल सांगायचं तर आधी दाराबद्दल सांगायला हवं. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या पोटात हवा भरून ठेवतात. खाली उतरल्यावर ती सगळी सोडून द्यायची आणि मगच दार उघडायचं. कधी एखादी झडप अडकते आणि थोडी हवा आत राहून जाते. बघून काही कळत नाही, फक्त दाराची मूठ जड लागते. हवेचा काटा असतो तो वैमानिकापुढे. दाराशी उभ्या असलेल्या मुलीपुढे असतं नुसतं दार. गेल्या चैत्रात सुमनच्या विमानात असंच झालं. तिने जोर लावला, दार धाडकन बाहेर गेलं आणि दारामागोमाग तीही गेली. शिडी अजून लागायची होती. खांद्याचं हाड मोडलं. चौकशीत ठरलं की मूठ जड असताना तिने जोर लावायला नको होता.

म्हणणं चुकीचं नव्हतं, मी तसंच शिकवते. तरी ते ऐकून मला चांगलं वाटलं नाही.

सुमन घरी गेली. तिची रजा श्रावणअखेर संपत होती. कामावर घ्यायचं तर तिने माझ्यासमोर दार उघडून दाखवायला हवं, नाहीतर तिची हवेतली नोकरी गेली. आमचे साहेब म्हणाले, “तुमची मुलगी, तुम्हीच बघा काय ते.” म्हणून मी निघाले. ती पुन्हा दाराला हात लावेल का, एवढंच मला बघायचं होतं.

हट्टा

जाताना औरंगाबादपर्यंतच्या विमानात जागा मिळाली नाही, म्हणून आगगाडीने गेले. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, मनमाडला गाडी बदलली आणि पूर्णेला पुन्हा बदलली. वसमतला एसटीत बसले तेव्हा मात्र जिवात जीव आला. शेजारी अंबाडीची जुडी मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या साडीपासून चपलांपर्यंत नजर फिरवली.

“कोण्या गावच्या तुमी?”

“मुंबईची.”

“हट्ट्याला कोणाकडं चाल्ल्या?”

“गुरुजींकडे. सुमनच्या.”

“आगं बाई! त्या इमानवाल्या पोरीकडं!” असं त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पुढे बसलेल्या कंडक्टरनेही मान वळवली. मग सगळ्या गाडीने मिळून मला गुरुजींच्या घराण्याची माहिती दिली. गाव आल्यावर ड्रायव्हरने गाडी थांब्यावर न थांबवता गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशी नेली आणि भोंगा वाजवला. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला ठाऊक नाही. इथे मी कोणाकडे जेवणार हे मी उतरायच्या आधी गावाला कळलं होतं.

गुरुजी भोंगा ऐकून बाहेर आले. उंच, बारीक, धोतर आणि पांढरी टोपी. “जयभीम बाई,” म्हणाले. मी सवयीने “नमस्कार” म्हटलं आणि मग घाईघाईने “जयभीम”ही म्हटलं. ते हसले. “दोन्ही चालतंय. लई तकलीफ झाली आसंल गाडीत?” घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सुमनचा गणवेशातला फोटो. सुमनची आई चुलीपुढून उठून आली. चहा कमी गोड हवा असं मी सांगितलं. या भागात ते कोणी मनावर घेत नाही हे पहिल्या घोटालाच कळलं.

सुमन बरीच वाळली होती, पण हसरी होती. हात खांद्यापासून नीट हलत होता. तिने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेतला आणि पाहुण्यांच्या खोलीकडे निघाली. खोलीचं दार लावलेलं होतं. दारासमोर ती थांबली आणि तिथूनच तिने हाक मारली, “माय, दार!”

आई पिठाच्या हातांनी आली. पदर खोचला, एक पाऊल मागे सरकली आणि खांद्याने दाराला असा रेटा दिला की वरची माती खाली पडली. “बाभळीचं हाय बाई. पावसाळ्यात फुगतंय. खांदा लावल्याबिगर उघडत न्हाई. समदे असंच करतेत.”

संध्याकाळी मी बॅग घेऊन एकटीच खोलीत जायला निघाले आणि दार पुन्हा घट्ट बसलेलं. मुंबईची माणसं काही कमी नसतात म्हणून मीही खांदा लावला. दार उघडलं, मी बॅगेसकट थेट पलंगावर, आणि बॅगेतली पावडर सगळ्या खोलीभर. गुरुजी, आई, शेजारच्या दोघी, सगळे पोट धरून हसले. सुमनही हसली. पण मी आडवी पडल्या पडल्या पाहिलं, तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

मला एकदम उमगलं की विमानाच्या त्या जड दाराला तिने काय केलं असेल. जन्मापासून जे केलं तेच केलं. मी इतकी वर्षं मुलींना दार शिकवते, त्यांच्या घरची दारं कशी आहेत हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

हिंगोलीला जाऊन आलो

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका मला बघायला येत होत्या. प्रश्न असे की आमच्या परीक्षेत कोणी विचारले नसते. “ढगातून जाताना लुगडं भिजतंय का?” “मधीच परसाकडं लागली तर?” “लगीन काहून न्हाई केलं?” पहिल्या दोन प्रश्नांची मी नीट उत्तरं दिली. तिसऱ्याला सुमनची आई म्हणाली, “त्यायला वेळ कधी घावला? खाली कुठं व्हत्या त्या?” मी ते उत्तर लक्षात ठेवलंय, पुढे उपयोगी पडेल.

जेवणाचं काय सांगावं! ज्वारीची भाकरी चुलीवरून थेट ताटात, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो शब्दांनी. इथे न विचारता दुसरी भाकरी पडते आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत आई चुलीकडे परतलेली असते. विमानात मी हजारो ताटं वाढली असतील. त्यातलं एकही असं माझ्या पुढ्यात पडलेलं नव्हतं.

हिंगोलीच्या डॉक्टरांकडे हात दाखवायचा होता म्हणून आम्ही दोघी एसटीने गेलो. वाटेत औंढ्याच्या आसपास डोंगर हिरवे झाले होते आणि रस्त्यावर गुरं निवांत बसली होती. त्यांच्यासाठी ड्रायव्हर थांबायचा आणि कोणी कुरकुर करायचं नाही. हिंगोलीत मोंढ्याजवळ उतरलो तर हवेला हळदीचा वास. पोती, हमाल, हिंदीत चाललेली घासाघीस. डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला, हाडाचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, “एकदम बराबर बसलंय. हा हात आता काहीही उचलेल.” मी सुमनकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

स्टँडसमोर भजी खाताना मी तिला सरळच विचारलं, “त्या दिवशी नक्की काय झालं? चौकशीत सांगितलंस ते नको, मला सांग.”

ती थोडा वेळ भज्याचे तुकडे करत राहिली. “मूठ जड लागली बाई. तुम्ही शिकवलेलं आठवलं. मी हात काढलाही. पण मागे सगळे उभे राहिले होते. एक मोठे गृहस्थ माझ्या पाठीला लागून उभे, त्यांची पुढची गाडी चुकत होती. ‘अहो, उघडता की नाही? येत नसेल तर बाजूला व्हा,’ म्हणाले. खिडकीतून दिसत होतं, शिडीवाला शिडी ढकलत निघालाही होता. मग मला लाज वाटली. एवढं साधं दार उघडता येईना म्हणून. आणि मग...” तिने खांदा जरा पुढे केला.

“आणि आता?”

“आता कुठलंच दार नको वाटतं. मूठ धरली की वाटतं, आपण गेलो बाहेर.” तिचे डोळे भरून आले. “रजा संपल्यावर येणार नाही असं अप्पांना सांगितलंय. अप्पा म्हणाले, बरं झालं.”

मी एवढ्या लांबून समजूत घालायची तयारी करून आले होते. त्याऐवजी दुसरी प्लेट भजी मागवली आणि आम्ही ती संपवली.

पेव

परतायच्या आदल्या दिवशी गुरुजींचं पेव उघडायचं होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. खाली पोट मोठं, वर तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. आतून कडबा लावून ज्वारी भरतात, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकतात. ज्वारी छान राहते, हवा मात्र आतल्या आत कोंडून खराब होते. पेव फोडल्या फोडल्या कोणी उतरलं तर खाली गप्प बसतं आणि परत उठत नाही. गावात अशी माणसं गेलेली आहेत. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तेवत राहिला तरच उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची.

गुरुजींचे धाकटे भाऊ, किसनकाका, उतरणार होते. शेजारचे दोघे दोरीवर. आणि पेवाच्या तोंडाशी सुमन. तिथे बसणाऱ्याचं काम म्हणजे, कधी उतरायचं ते सांगायचं आणि माणूस खाली असेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. उत्तर आलं नाही की ओढून घ्यायचं. सुमनचा आवाज मोठा, म्हणून शाळेत असल्यापासून हे काम तिचंच होतं. मी कौतुकाने पुढे सरकले. पाहते तर गुरुजी लांब, गोठ्याच्या भिंतीशी उभे. स्वतःचं पेव आणि असे परक्यासारखे उभे?

“त्यायला हिकडं यायचं न्हाई,” काकांनी कमरेची गाठ आवळत सांगितलं. “ज्याची ज्वारी त्यानं तोंडापाशी यायचं नसतंय. आमच्यात पहिल्यापासून तसंच हाय. त्याला घाई असती.”

“आणि काय ठरवायचं ते कोण ठरवतं?”

“तोंडापाशी बसलेलं माणूस. मंग ते पोरगं असो, बाई असो.”

सकाळी दगड काढला तेव्हा ऊन होतं. दुपारी बघता बघता औंढ्याच्या बाजूने काळं आभाळ चढलं. उघड्या पेवात पाणी गेलं तर खालची सगळी ज्वारी सडते, हे मलाही कळत होतं. कंदील खाली सोडला. अर्ध्यावर गेला, ज्योत लहान झाली आणि विझली.

“न्हाई,” सुमन म्हणाली. “थांबा.”

कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून खाली-वर केला, म्हणजे आतली हवा हलते. पुन्हा कंदील. पुन्हा विझला. पहिला थेंब माझ्या हातावर पडला.

“सुमन!” गोठ्याकडून गुरुजी ओरडले. शाळेत हाच आवाज लावत असतील. “आभाळ फुटून राहिलं! सालभराचं खाणं हाय त्यात! उतरू दी त्याला!”

“कंदील इझून राहिला अप्पा.”

“एवढ्यानं काय होतंय? मागच्या सालीबी उतरलाच की!”

काकांनाही चेव आला. “मी दम धरून जातो. तोंडाजवळची चार टोपली तेवढी काढून येतो, बाकीचं झाकून टाकू.” आणि ते पेवाच्या कडेला पाय सोडून बसलेसुद्धा.

सुमन उठली नाही. नुसता हात आडवा धरला, तोच मोडलेला हात. “काका, पाय वर घ्या. आज न्हाई उतरला तर ज्वारी जाईल. दुसरं काही जाणार न्हाई. ताडपत्री आणा आन् चौघं चार कोपरे धरा. पेवावर छप्पर करा, हवा आत जाऊ द्या. बाई, तुमी तिकडला कोपरा धरा.”

मला हुकूम! मी धरला. डोक्याच्या वर हात करून, चिखलात उभी राहून. ताडपत्रीवर पाऊस ताशासारखा वाजत होता आणि कोपऱ्यातलं सगळं पाणी माझ्या बाहीतून आत उतरत होतं. गुरुजी भिंतीशी भिजत उभे होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला बघवेना. त्यांनी आणखी दोनदा हाक दिली. दोन्ही वेळा सुमन म्हणाली, “न्हाई.” तिसऱ्यांदा त्यांनी हाक दिली नाही. पण तिथून हललेही नाहीत, तोंडाजवळ आले नाहीत.

सर ओसरली. डहाळ्या पुन्हा हलवल्या. कंदील खाली गेला, लहान झाला, आणि तेवत राहिला. सुमनने त्याला बराच वेळ तेवू दिलं. मग म्हणाली, “जा काका. बोलत जा.”

काका खालून बोलत होते. पहिल्यांदा बैलाबद्दल, मग सासुरवाडीबद्दल, आणि बायको तिथे नाही असं समजून तिच्या माहेरच्या स्वयंपाकाबद्दल. काकू माझ्या मागेच उभी होती. सुमन प्रत्येक वाक्याला “व्हय काका? मंग?” म्हणत होती. टोपल्यांमागून टोपल्या वर आल्या. तोंडाजवळची थोडी ज्वारी ओली झाली होती, ती वाळत घातली. बाकी सगळी सुरेख, पिवळसर मोत्यासारखी. काका वर आले ते काकूच्याच समोर. त्यापुढचं मी सांगत नाही.

रात्री गुरुजी भराभर जेवून उठले. मला वाटलं रागावले आहेत. हात धुऊन झाल्यावर त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

“बाई, तुमी बी शिकवता, मी बी शिकवतो. एक विचारू?”

“विचारा ना.”

“आज मी तिचा बाप. माझी ज्वारी. मी एवढा वरडलो, तरी ती न्हाई म्हणाली आन् मला ऐकावं लागलं. कारण समद्या गावाला ठावं हाय, तिथं बसलेल्याचं ऐकायचं. तुमच्या इमानात तिनं असं न्हाई म्हणलं असतं, तर कोणी ऐकलं असतं का?”

मला पटकन ‘हो’ म्हणता आलं असतं. आमच्या नियमांत तसं आहेच. पण मी इतकी वर्षं दाराशी उभी राहिलेली बाई, मला त्या पाठीला लागून उभ्या राहणाऱ्या माणसांची चांगली ओळख आहे. “खात्री नाही गुरुजी,” मी म्हटलं. “मी मुलींना दार उघडायला शिकवते. माणसांना खाली बसवायला शिकवलं नाही. ते आता शिकवीन. साहेब काय म्हणतील ते मला सांगता येत नाही.”

त्यांनी सुपारी कातरून मला दिली. मग म्हणाले, “मी औरंगाबादपर्यंत येतो. मला ते दार बघायचं हाय.”

“म्हणजे सुमन येणार?”

“ते तिचं तिला इचारा. मी दाराचं बोललो.”

सुमन भांडी आवरत होती. मान वर न करता म्हणाली, “औरंगाबादपर्यंत येते. पुढचं तिथे बघू.”

औरंगाबाद

परतीला औरंगाबादहून विमानात दोन जागा मिळाल्या. तिथले व्यवस्थापक माझे जुने ओळखीचे. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा प्रवासी चढायच्या आधी त्यांनी गुरुजींना शिडीवरून वर जायची परवानगी दिली. गुरुजींनी खाली चपला काढल्या. मी म्हटलं, घाला हो. नाही घातल्या.

त्यांनी दार सावकाश पाहिलं. कड चाचपली, जाडी पाहिली, मुठीवर तळहात ठेवला. मग विचारलं, “आतली हवा गेली का न्हाई, हितं उभं राहून कळतं का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमन बोलली. ती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. “न्हाई कळत अप्पा. पुढून वैमानिक सांगतात.”

“आन् त्यानं सांगितलं न्हाई तर?”

“तर उघडायचं न्हाई.”

“मूठ जड लागली तर?”

“हात काढायचा.”

“आन् मागचे वरडले तर?”

खाली धावपट्टीच्या गवतावर टिटवी ओरडत होती. गुरुजींनी घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, “तुमी वरडलात तेव्हा मी काय केलं?”

गुरुजींनी मुठीवरचा हात काढला. “जाय,” म्हणाले. खाली उतरून चपला घातल्या, आणि मागे न बघता कुंपणाकडे चालू लागले. मला त्यांची इतकी माया वाटली की मी उगाचच व्यवस्थापकांशी पावसाबद्दल बोलत राहिले.

त्या विमानावर माझीच एक जुनी विद्यार्थिनी कामावर होती. मी तिच्याशी बोलले. मुंबईला उतरल्यावर दार सुमनने उघडायचं, माझ्यासमोर. हे कुठल्या नियमात बसतं ते कृपा करून मला विचारू नका.

पूर्ण प्रवासभर सुमन खिडकीकडे तोंड करून बसली होती. दिलेला चहा तिने घेतला नाही. सांताक्रूझला चाकं टेकली आणि विमान थांबलंही नव्हतं तेव्हा ती उठून मागे दाराकडे गेली. विमान थांबलं. पट्टे खटाखट सुटले. नेहमीसारखे सगळे एकदम उभे राहिले, पिशव्या निघाल्या, आणि सफारी सूटमधले एक गृहस्थ तर थेट तिच्या खांद्याशी जाऊन पोचले. सुमनने मुठीला हात लावला, आणि काढला.

“सगळ्यांनी खाली बसा,” ती म्हणाली. हट्ट्याचा आवाज, पेवाच्या तळापर्यंत जाणारा. “पुढून निरोप आल्याशिवाय दार उघडणार नाही.”

गृहस्थांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. साधी सुती साडी, गणवेश नाही, बिल्ला नाही. “आणि तुम्ही कोण?”

“मी दार उघडणार आहे,” सुमन म्हणाली. “बसा.”

ते बसले. त्यांच्यामागचे बसले. पिशव्या पुन्हा मांडीवर गेल्या, सगळं विमान शाळेच्या वर्गासारखं शांत झालं. थोड्या वेळाने पुढून निरोप आला. बाहेर शिडी लागल्याचा आवाज झाला. तिने मूठ फिरवली, ती हलकी फिरली, दार सावकाश बाहेर गेलं आणि ती आतच उभी राहिली. दमट, खारट हवा आत आली. माझ्या शेजारचे उठायला लागले, त्यांनी मला कोपराने ढोसलं, “अहो, उघडलं की दार, चला!”

माझे डोळे वाहत होते आणि पट्टा तसाच बांधलेला होता. मी उठले नाही. तिने अजून सांगितलं नव्हतं.